तार, शब्द आणि सीमा : सोलापूर परिसरातील तंतुवाद्याश्रित गीतपरंपरेचा चिकित्सक विचार (युक्रेनी कोब्झार परंपरेच्या संदर्भात)

प्रस्तावना

‘संगीताला भाषा नसते’ हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणाला वाटत नाही. सभासमारंभातील प्रास्ताविकापासून सांस्कृतिक धोरणाच्या चर्चेपर्यंत ते सर्वत्र आढळते. त्यामागील सद्भावना मान्य केली, तरी सद्भावनेने पुराव्याची जागा भरून निघत नाही. एका भाषिक समाजाचे संगीत दुसऱ्या भाषिक समाजात जाते तेव्हा नेमके काय जाते? वाद्य जाते, स्वररचना जाते, की शब्द जातो? आणि तो प्रवास कोण घडवून आणतो? या प्रश्नांची उत्तरे वरील विधानात मिळत नाहीत. किंबहुना ते प्रश्न उपस्थितच होऊ नयेत, अशी सोय या विधानात आहे.

सोलापूर जिल्हा हे प्रश्न विचारण्यासाठी अत्यंत योग्य क्षेत्र आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषा येथे शतकानुशतके एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत. याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, याच मातीत राम जोशी आणि अमर शेख यांच्यासारखे शाहीर जन्मले आणि येथील शेतात पिकणारे भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे जाऊन त्यांचे तंबोरे व सतारी होतात. प्रस्तुत लेखात या परिसरातील तंतुवाद्याश्रित गीतपरंपरेचा विचार केला असून, तुलनेसाठी युक्रेनमधील कोब्झार गायकांची परंपरा घेतली आहे. तारेच्या साथीने गावोगाव कथा आणि भक्तिगीते गाणारा गायक हा दोन्ही परंपरांचा केंद्रबिंदू आहे. शिवाय तार आणि शब्द यांच्या नात्याची कसोटी युक्रेनच्या इतिहासात राज्यसत्तेच्या हुकमाने लागलेली असल्यामुळे ही तुलना उपयुक्त ठरते.

तंतुवाद्याच्या साथीने गायिले जाणारे गीत भाषेची सीमा ओलांडते ते भाषेला वगळून नव्हे, तर भाषेच्याच द्वारे, आणि दोन भाषा जाणणाऱ्या माणसांच्या श्रमाने, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. कोब्झार परंपरा : हुकूम शब्दावर, सुरावर नाही

युक्रेनच्या लोकसंगीतात कोब्झा, बांदुरा आणि लिरा ही तीन तंतुवाद्ये महत्त्वाची मानली जातात. कोब्झा हे दांडी आणि गोलसर पोट असलेले छेडून वाजविण्याचे वाद्य होय. बांदुरेत दांडीवरील तारांखेरीज वाद्याच्या पोटावरही आखूड तारांची रांग ताणलेली असते. लिरा हे हाताने फिरविण्याच्या चाकाने तारा घासून वाजविले जाते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ही वाद्ये घेऊन खेडोपाडी हिंडणारे गायक बहुधा अंध असत. गुरूकडे काही वर्षे उमेदवारी केल्यावर आणि व्यवसायबंधूंच्या संघाने अनुमती दिल्यावरच त्यांना स्वतंत्रपणे गाता येत असे. त्यांच्या संग्रहात धार्मिक गीतांचा भाग मोठा होता, परंतु त्यांची कीर्ती झाली ती ‘दुमा’ या कथाकाव्यामुळे. तुर्कांच्या बंदिवासातील कोसाक, गलबतांवर वल्ही मारणारे कैदी, सतराव्या शतकातील बोहदान ख्मेल्नित्स्की याची युद्धे हे दुमाचे विषय होत. दुमाला ठरावीक कडवे नसते, ओळी कमीअधिक लांबीच्या असतात, यमक बहुधा ओळीच्या अंती येणाऱ्या क्रियापदांचे असते आणि गायन पठणाच्या अंगाने जाते. म्हणजे दुमाचा आकार कथनाच्या वाक्यरचनेने ठरतो आणि तार त्या वाक्याच्या मागोमाग चालते.

१८४० मध्ये तारास शेवचेन्को या कवीचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला, त्याचे नाव ‘कोब्झार’ होते. रस्त्यावरच्या अंध गायकाच्या नावाने एका भाषेचे आधुनिक काव्य उभे राहिले, ही घटना अर्थपूर्ण आहे. पुढे ओस्ताप वेरेसाय या अंध कोब्झाराचे गायन १८७३ मध्ये कीव येथे आणि १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे विद्वानांसमोर झाले. संगीतकार मिकोला लिसेन्को यांनी त्याच्या गायनाचे स्वरलेखन केले. खेड्यातील श्रोत्यांपुरते असलेले गीत अशा रीतीने साम्राज्याच्या राजधानीत पोहोचले.

मात्र यानंतर लगेच, १८७६ मध्ये, रशियाच्या झारने काढलेल्या एम्स येथील फर्मानाने युक्रेनी भाषेतील ग्रंथप्रकाशन आणि नाट्यप्रयोग यांवर कठोर निर्बंध घातले. स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापण्यासही त्यात मनाई होती. १८८१ मध्ये या निर्बंधांत काही सवलती देण्यात आल्या. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या फर्मानाइतका बोलका पुरावा क्वचितच सापडेल. सूर छापण्यास हरकत नव्हती, हरकत होती ती सुराखालच्या शब्दाला. संगीताला भाषा नसते असे सत्तेला वाटत असते, तर ही तरतूद करण्याचे तिला कारणच उरले नसते. गीत एका समूहाचे सामर्थ्य बनते ते शब्दामुळे, ही गोष्ट गीताच्या चाहत्यांपेक्षा त्याच्या विरोधकांना अधिक स्पष्टपणे समजली होती, असे म्हणावे लागते.

विसाव्या शतकात या परंपरेचे दोन मार्ग झाले. १९०८ मध्ये फिलारेत कोलेस्सा यांनी कोब्झारांचे गायन ध्वनिमुद्रित करून दुमांच्या संशोधनाचा पाया घातला. दुसरीकडे बांदुरा सभागृहात आली, तिच्या तारांची संख्या वाढत पन्नासच्या पुढे गेली आणि एकट्या गायकाच्या जागी वृंदगायन आले. सोव्हिएत राजवटीत बांदुरेचे पुरस्कर्ते ह्नात खोत्केविच यांना १९३८ मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले. महायुद्धानंतर स्थलांतरित वादकांचा एक वृंद १९४९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे स्थायिक झाला आणि तेथेही त्याने युक्रेनी भाषेतच गायन चालू ठेवले. मायदेशी हेओर्ही त्काचेन्को यांच्यासारख्या अभ्यासकाने जुन्या घाटणीची बांदुरा आणि एकल गायन जपले. कोब्झा व लिरा परंपरेच्या जतनाचा कार्यक्रम २०२४ मध्ये युनेस्कोच्या उत्तम जतनकार्यांच्या नोंदवहीत समाविष्ट झाला. वाद्य बदलले, गायकांची संख्या बदलली, देशही बदलला, परंतु शब्द ज्या भाषेचा होता त्या भाषेचा राहिला. या संगीताला ‘युक्रेनी’ ही ओळख मुख्यतः त्यामुळे टिकविता आली.

२. सोलापूर परिसरातील तार : आधारस्वराची भूमिका

कोब्झारांची बांदुरा आणि या परिसरातील तंतुवाद्ये यांत एक मूलभूत भेद आहे. बांदुरेच्या अनेक तारांवर सुरावट वाजते. वारकऱ्याची वीणा, शाहिराचे तुणतुणे आणि गवयाचा तंबोरा यांचे मुख्य कार्य सुरावट वाजविणे हे नसून आधारस्वर देत राहणे हे आहे.

तुणतुण्याची घडण अगदी साधी आहे. पोकळ लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे मढविलेले असते, त्यातून निघालेली एकच तार बाजूच्या काठीवरील खुंटीला बांधलेली असते. गोंधळात ते संबळाच्या जोडीने आणि पोवाड्यात डफाच्या जोडीने वाजते. मुख्य शाहिरामागे उभे राहून झील धरणाऱ्या साथीदाराच्या हाती ते असते. मराठी भाषेने या वाद्याला फारसा मान दिलेला नाही. ‘तेच तुणतुणे लावणे’ हा वाक्प्रचार कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी वापरला जातो. वस्तुतः तीच पुनरुक्ती या वाद्याचे बळ आहे. शाहीर श्वास घेतो, गद्यात बोलतो, प्रसंग बदलतो, तरी तार त्याचा स्वर राखून ठेवते.

वारकऱ्यांच्या वीणेचे स्थान याहून वेगळे आणि प्रतिष्ठेचे आहे. दिंडीत विणेकरी हा मध्यवर्ती असतो. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीवर टेकू द्यायची नाही, असा दंडक असतो. एकाचा पहारा संपला की, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. या विधीत कोणी किती कौशल्याने वाजविले याला महत्त्व नाही, तार थांबली नाही याला महत्त्व आहे. वाद्य येथे कलावंताच्या मालकीचे राहत नाही, ते समूहाच्या हातांतून फिरते.

आधारस्वर देणाऱ्या तारेचा एक परिणाम असा की, ती कोणत्याही एका भाषेच्या छंदाला बांधलेली नसते. दुमाच्या मागे चालणारी बांदुरा युक्रेनी वाक्याच्या वळणाने घडली. तुणतुणे किंवा वीणा मात्र मराठी ओवीला जितकी जवळची, तितकीच कन्नड पदालाही. म्हणून येथे कोणतेही तंतुवाद्य एका भाषेचे राष्ट्रीय चिन्ह बनले नाही. तारेने जागा मोकळी ठेवली आणि त्या जागेत शब्द ये-जा करू लागले. तारेच्या या मौनाचा अर्थ ‘संगीताला भाषा नसते’ असा लावणे चुकीचे ठरेल. तार मौन आहे म्हणूनच गीताची ओळख ठरविण्याची सारी जबाबदारी शब्दावर येऊन पडते.

३. विठ्ठल हा सामाईक शब्द : अभंग आणि दासांची पदे

पंढरपूरच्या विठ्ठलाचे कर्नाटकाशी असलेले नाते सुपरिचित आहे. मंदिरातील शके ११५९ चा, म्हणजे इ. स. १२३७ चा, होयसळ राजा सोमेश्वर याच्या काळातील शिलालेख संस्कृत व कन्नड भाषांत आहे. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या दैवताच्या घडणीचा विस्तृत शोध घेतला आणि त्यांना १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ढेरे यांचा प्रश्न दैवताच्या उद्गमाचा व विकासाचा आहे. त्यांच्यानंतरच्या मराठी समीक्षेने ‘समन्वय’ हा शब्द उचलला, पण तो गीतांच्या बाबतीत नेमका कसा घडला, याची तपासणी फारशी केली नाही. परिणामी ‘समन्वय’ हा निष्कर्ष न राहता गृहीतक बनला.

गीतांच्या पातळीवर पाहिले असता दोन परंपरांतील अंतर प्रथम लक्षात घ्यावे लागते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंती यमक येते. कन्नड हरिदासांच्या पदांची रचना पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशी असते आणि त्यांत चरणारंभीच्या दुसऱ्या अक्षराच्या प्रासाला विशेष स्थान असते. मराठी कानाला चरणाच्या शेवटी मिळणारे समाधान कन्नड कानाला चरणाच्या आरंभी मिळते. एका भाषेतील रचना दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी नेता येत नाही, ती या कारणाने. शब्दाचा अर्थ नेला तर प्रास राहून जातो आणि प्रास नेला तर अर्थ ओढला जातो.

असे असूनही दोन्ही परंपरा एकमेकींना ओळखतात. त्याचे कारण नाममुद्रेत आहे. पुरंदरदासांच्या पदांच्या अंती ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा येते. विजयदासांची मुद्रा ‘विजय विठ्ठल’, गोपाळदासांची ‘गोपाळ विठ्ठल’, तर जगन्नाथदासांची ‘जगन्नाथ विठ्ठल’ अशी आहे. कन्नड न जाणणारा मराठी श्रोता संपूर्ण पद ऐकतो तेव्हा त्याच्या हाती निश्चितपणे लागणारा शब्द हा असतो. त्या एका शब्दाच्या आधाराने उरलेले अनोळखी शब्द त्याला परके वाटत नाहीत. येथे भाषा नाहीशी झालेली नाही, भाषेतील एक शब्द दोन्ही भाषांचा झाला आहे.

सोलापूर शहराच्या बाबतीत याहून जुने उदाहरण उपलब्ध आहे. शहराचे ग्रामदैवत मानले जाणारे सिद्धेश्वर, म्हणजेच बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, हे कन्नड वचनकार होते. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची मुद्रा होय. दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तीत सर्व भाषा बोलणारे सोलापूरकर सहभागी होतात. परंतु त्यांच्या वचनांचा अर्थ त्यांच्या नगरातील मराठी भाषकांना कितपत ठाऊक असतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वचन हे मुळात गद्याकडे झुकणारे असल्याने त्याला चालीचा आधार कमी असतो. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांच्यासारख्या गायकांनी वचने रागदारीच्या अंगाने गायिली, तेव्हा ती मराठी श्रोत्यांच्या कानावर अधिक प्रमाणात आली. तरीही विठ्ठलासारखा सामाईक शब्द तेथे श्रोत्यांच्या इतक्या सवयीचा नसल्यामुळे अभंग व दासपदे यांच्याइतकी जवळीक झाली नाही. सूर पोहोचला, पण शब्दाला दुभाषा मिळाला नाही. यात्रेत एकत्र चालणे आणि एकमेकांचे गीत समजणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

४. शाहिरी : परक्या विषयाला आपला शब्द

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पेशवाईच्या अखेरच्या काळात कीर्ती मिळविलेले शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. जोशी-पुराणिकांच्या घरातील हा संस्कृतज्ञ तरुण तमाशाच्या फडात शिरला आणि पुढे कीर्तनकारही झाला. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या नावावर मराठीखेरीज अन्य भाषांचा मेळ घालणाऱ्या मिश्रभाषिक रचनाही आहेत. अशा रचनांकडे मराठी समीक्षेने बहुधा पांडित्याचा खेळ म्हणून पाहिले. परंतु सोलापूरच्या पेठेत ज्या श्रोत्यांसमोर फड उभा राहत असे, तो समुदाय बहुभाषिक होता, हे लक्षात घेतले की या मिश्रणाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. कवीचे भाषाप्रभुत्व त्यात आहेच. त्यासोबत, समोर बसलेल्या प्रत्येकाला निदान एक ओळ आपली वाटावी, ही व्यवसायाची निकडही त्यात आहे. तुणतुण्याची तार सर्व ओळींना तीच होती, ओळींतील भाषा मात्र श्रोत्यांगणिक बदलत होती. राम जोशींच्या जीवनावरील ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटामुळे त्यांचे चरित्र सर्वत्र पोहोचले. तथापि त्यांच्या बहुभाषिकतेचा गंभीर अभ्यास अद्याप अपेक्षित आहे.

विसाव्या शतकात शाहिरी परंपरेने आणखी दूरची सीमा ओलांडली. बार्शी येथे १९१६ मध्ये जन्मलेले अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथकाच्या माध्यमातून पोवाडा व लावणी कामगारवस्तीत नेली. अण्णा भाऊंनी दुसऱ्या महायुद्धातील लढाईवर ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. व्होल्गा नदीच्या काठचा रणसंग्राम मुंबईच्या गिरणी कामगारासमोर उभा राहिला तो डफ-तुणतुण्याच्या साथीने आणि शिवकालापासून रुळलेल्या पोवाड्याच्या भाषेत. रशियन संगीतातील एकही स्वर येथे आला नाही, तरीही एका समाजाचा अनुभव दुसऱ्या समाजापर्यंत पोहोचला. १९६१ मध्ये अण्णा भाऊ प्रत्यक्ष रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन त्यातून सिद्ध झाले. पोवाडा मात्र त्या प्रवासाच्या कितीतरी आधीच तेथे जाऊन आला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली होती, याचीही येथे नोंद घ्यावी लागते. झारचे फर्मान आणि ही बंदी यांची राजकीय पार्श्वभूमी वेगळी आहे, आणि दोहोंना एकाच मापाने मोजणे योग्य ठरणार नाही. साम्य एवढेच की, दोन्ही ठिकाणी आक्षेप तारेवर नव्हता. तुणतुण्यावर बंदी घालण्याचे कोणाच्याही मनात आले नाही, तुणतुण्यासोबत उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांना मज्जाव करण्यात आला.

५. मिरज : तार जाते तेव्हा काय मागे राहते

वरील प्रतिपादनावर एक आक्षेप सहज घेता येईल. तंबोरा आणि राग तर शब्दांवाचूनच सर्वत्र गेले, मग शब्दाचा आग्रह कशासाठी? या आक्षेपाचा विचार मिरजेच्या संदर्भात करणे उचित होईल.

मिरजेत तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून झाल्याचे सांगितले जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजाने शस्त्रांचा काळ सरल्यावर आपले हस्तकौशल्य वाद्यांकडे वळविले. तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातील शेतांतून येतात. ते वाळवून, कापून, तुनीच्या लाकडाच्या दांडीला जोडले जातात आणि शेवटी घोडीवर जवारी काढली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. देशभरातील गवयांच्या मागे मिरजेचा तंबोरा वाजत आला आहे. तथापि मैफलीत गवयाचे नाव घेतले जाते, बंदिशकाराचे क्वचित घेतले जाते, तंबोरा घडविणाऱ्याचे आणि भोपळा पिकविणाऱ्याचे कोणीच घेत नाही. शब्दावाचून गेलेली वस्तू सर्वांची होते हे खरे, पण ती कोणाच्या हातची होती हे विसरले जाते. भक्तिगीतात कवीने शेवटी स्वतःचे नाव गुंफले, त्यामुळे शतकांनंतरही कर्ता हरवला नाही. तारेला मुद्रा नसते. भौगोलिक मानांकन ही एका अर्थाने उशिरा मिळालेली मुद्रा होय, परंतु तीही गावाची आहे, माणसाची नाही.

मिरजेतच वास्तव्य केलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या उदाहरणाने रागाविषयीचा आक्षेपही तपासता येतो. उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मलेल्या या गायकाने म्हैसूर दरबाराशी संबंध आल्यावर कर्नाटक संगीताचा आस्थेने अभ्यास केला, त्यागराजांची तेलुगू कृती ध्वनिमुद्रित केली आणि मराठी नाट्यपदेही गायिली. त्यांपैकी ‘मानापमान’ (१९११) नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे पद आरबी रागातील आहे, आणि हा राग दाक्षिणात्य संगीतातून आलेला आहे. राग दक्षिणेचा, शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाल गोविंदराव टेंबे यांची आणि स्वर कैरानाच्या गवयाचा. हा राग मराठी घरांत शिरला तो सरगमाच्या रूपाने नव्हे, तर पाठ होणाऱ्या मराठी पदाच्या रूपाने. रागाच्या प्रवासालाही शब्दाचे वाहन लागले, असाच निष्कर्ष येथे काढावा लागतो.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, हे कन्नड भाषक होते आणि मराठी रंगभूमीवर त्यांनी नाव मिळविले. त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी एका बाजूला मराठी अभंग आणि दुसऱ्या बाजूला कन्नड दासपदे सारख्याच आत्मीयतेने गायिली. तीन पिढ्यांची ही साखळी पाहिली असता असे दिसते की, प्रत्येक टप्प्यावर परभाषा शिकण्याचे कष्ट कोणीतरी घेतले आहेत. ‘संगीताला भाषा नसते’ या विधानाने या कष्टांचे मोल नाकारले जाते.

६. मैफलीतील अभंग : लाभ आणि हानी

भीमसेनांच्या अभंगगायनाने मराठी भक्तिकाव्य वारकरी नसलेल्या आणि मराठी नसलेल्या श्रोत्यांपर्यंत नेले, याविषयी दुमत नाही. परंतु समीक्षेने या लाभासोबत झालेली हानीही नोंदविली पाहिजे. कीर्तनात अभंग हा निरूपणाचा विषय असतो. चरण गायिला जातो, थांबवून उलगडला जातो, दृष्टान्त येतो आणि पुन्हा चाल धरली जाते. तुकोबांच्या अनेक अभंगांत विचार चढत जाऊन अखेरच्या चरणात, नाममुद्रेसह, निष्कर्षाला पोहोचतो. मैफलीत मात्र बहुधा धृपदाची आवर्तने वाढतात, ‘विठ्ठल’सारख्या एका शब्दावर स्वरविस्तार होतो आणि मधले चरण वगळले जातात. श्रोता भावविभोर होतो, पण अभंगाने मांडलेला युक्तिवाद त्याच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. जो सामाईक शब्द दोन भाषांतील दार होता, तोच आता एकमेव शब्द होऊन बसतो.

युक्रेनमध्ये बांदुरा सभागृहात गेल्यावर असाच पेच निर्माण झाला. वृंदगायनाने गीताला भव्यता दिली, परंतु एकट्या गायकाचे कथन, त्यातील विराम आणि श्रोत्यांशी असलेला थेट संबंध क्षीण झाला. तेथे काही अभ्यासकांनी जुनी बांदुरा पुन्हा घडवून, दुमा पुन्हा एकट्याने गाऊन, त्या वाटेची उजळणी केली. आपल्याकडे कीर्तनपरंपरा अद्याप जिवंत असल्यामुळे परिस्थिती तुलनेने आशादायक आहे. मात्र मैफलीतील अभंग हाच अभंगगायनाचा श्रेष्ठ नमुना असे नव्या पिढीला वाटू लागले, तर कीर्तनातील शब्दाची बाजू दुबळी होईल. विद्यापीठीय युवक महोत्सवांत पोवाडा व भारूड ठरावीक मिनिटांत सादर होतात, तेव्हा वेषभूषा आणि आवेश उरतो, कथा मात्र आटोपती घ्यावी लागते. हीदेखील त्याच प्रक्रियेची खूण आहे.

या प्रश्नाला शैक्षणिक बाजूही आहे. आपल्या महाविद्यालयांत अभंग मराठी विभागात, दासपदे व वचने कन्नड विभागात आणि राग संगीत विभागात शिकविले जातात. सीमाभागातील भाषिक वादात १९६७ च्या महाजन आयोगाने अक्कलकोट व जत या भागांतील गावांचाही विचार केला होता. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. गावे कोणत्या राज्यात असावीत याचा निर्णय राजकारण करील. परंतु त्या गावांत गायिले जाणारे गीत कोणत्या विभागाने शिकवावे, हा निर्णय विद्यापीठांच्या हाती आहे. आजवर त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सोलापूर परिसरातील वीणा, तुणतुणे व तंबोरा ही वाद्ये प्रामुख्याने आधारस्वर देणारी असल्यामुळे ती कोणत्याही एका भाषेची झाली नाहीत. युक्रेनी बांदुरेप्रमाणे त्यांना भाषिक अस्मितेचे चिन्ह होता आले नाही आणि त्यामुळेच ती अनेक भाषांना उपयोगी पडली.

२) गीताचा सांस्कृतिक प्रवास शब्दाच्या आधाराने झाला. विठ्ठल हा सामाईक शब्द, राम जोशींची मिश्रभाषिक रचना, अण्णा भाऊंचा पोवाडा आणि आरबी रागातील मराठी नाट्यपद ही त्याची चार भिन्न रूपे होत. सिद्धरामांच्या वचनांबाबत असा आधार अपुरा पडला, तेव्हा जवळीकही अपुरी राहिली.

३) सत्तेने गीतावर निर्बंध घातले तेव्हा ते शब्दावर घातले. १८७६ चे फर्मान हे त्याचे ठळक उदाहरण होय.

४) शब्दावाचून केवळ वाद्य प्रवास करते तेव्हा त्याच्या निर्मात्याचे नाव मागे राहते. मिरजेच्या कारागिरांचा आणि भोपळा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा विचार संगीतसमीक्षेच्या कक्षेत यावयास हवा.

५) ‘समन्वय’ ही संज्ञा मराठी समीक्षेने पुढील काळात अधिक काटेकोरपणे वापरणे आवश्यक आहे. समन्वय आपोआप होत नाही, दोन भाषा शिकलेली माणसे तो घडवितात.

सोलापुरात आजही एकाच गल्लीत मराठी अभंग, तेलुगू भजन, कन्नड वचन आणि दखनी कव्वाली कानी पडू शकते. हे सर्व ऐकू येणे ही या शहराची श्रीमंती आहे, ते समजणे हे मात्र अभ्यासाचे काम आहे. त्यासाठी मराठीच्या विद्यार्थ्याने दासांचे एक पद अर्थासह आणि कन्नडच्या विद्यार्थ्याने तुकोबांचा एक अभंग निरूपणासह शिकावा, इतकी किमान अपेक्षा या परिसरातील महाविद्यालयांकडून ठेवणे अवास्तव ठरू नये.